जोडलेलं घर, वाटून घेतलेली कामं

इंदूरच्या राजवाड्यापासून पायी निघालं की थोड्याच वेळात कान्ह नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात. यशवंतराव होळकरांच्या पत्नी कृष्णाबाई, महाराज तुकोजीराव दुसरे आणि महाराज शिवाजीराव यांची ही स्मारकं. कोरीव दगडी काम पाहायला लोक थांबतात, फोटो काढतात. यातल्या पहिल्या दोन नावांमागची कौटुंबिक हकिगत मात्र फारशी सांगितली जात नाही. १८४४ मध्ये इंदूरचे महाराज खंडेराव होळकर निपुत्रिक वारले. तेव्हा कृष्णाबाईंनी गादीसाठी भाऊ होळकरांच्या धाकट्या मुलाची निवड केली. हा मुलगा म्हणजेच तुकोजीराव, तेव्हा नऊ वर्षांचा होता. १८४९ मध्ये कृष्णाबाई वारल्या, तोपर्यंत कारभार त्यांच्या देखरेखीखाली चालला. १८५२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तुकोजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्यांनी १८८६ पर्यंत राज्य केलं.

पोटचं नसलेलं मूल घरात येतं, दुसऱ्याच कोणाच्या छायेत वाढतं आणि ऐन किशोरवयात खरी जबाबदारी पेलतं, हे या शहराने दीड शतकाहून अधिक काळापूर्वी पाहिलेलं आहे. राज्याची गोष्ट मोठी, घरातली भांडी-पाण्याची गोष्ट लहान. तरी नव्या घरात आलेल्या मुलाला आपलंसं कसं करायचं आणि त्याच्यावर काम कसं सोपवायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आज अशी जोडलेली घरं साध्या मध्यमवर्गीय वस्तीत दिसतात. घटस्फोट झालेला असतो किंवा जोडीदार गेलेला असतो. काही वर्षं एकट्याने काढल्यावर पुनर्विवाह होतो आणि दोघांचीही आधीची मुलं एका छपराखाली येतात. लग्न ठरवताना नोकरी, घर, दोन्हीकडची म्हातारी माणसं, सगळ्याचा विचार होतो. चौदा-पंधरा वर्षांची मुलं उद्यापासून एकाच घरात काम कसं वाटून घेतील, याचा विचार सहसा होत नाही. पहिली ठिणगी बऱ्याचदा तिथेच पडते.

कृष्णपुऱ्याजवळच्या अशा एका घराची कल्पना करू. आईबरोबर आलेली पंधरा वर्षांची मुलगी आणि वडिलांचा तेरा वर्षांचा मुलगा. रात्रीची जेवणं आटोपली आहेत. सिंकमध्ये ताटं, तेलकट कढई, सायीने चिकटलेलं दुधाचं पातेलं. नवे वडील, ज्यांना ती अजून ‘काका’ म्हणते, सहज बोलून जातात, “बेटा, तेवढी भांडी घासून टाक ना.” ती मोबाइलवरची नजर न उचलता म्हणते, “त्याला सांगा की. तो तुमचा मुलगा आहे.” आई ओट्यापाशी थबकते. मुलीला रागवावं तर ‘तूही त्यांच्याच बाजूची’ असं होणार, गप्प बसावं तर नवऱ्याचा अपमान. शेवटी ती काही न बोलता स्वतःच कढई पुढे ओढते. काम झालं, पण त्या रात्री घरातली चारही माणसं दुखावलेली झोपली.

भांडणाचं मूळ

किशोरवय हे मुळातच अंतर घेण्याचं वय. या वयात मेंदूची फार मोठी जुळवाजुळव चालू असते. पुढचा विचार करणारा, आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. झोपेचं घड्याळही पुढे सरकतं. रात्री लवकर डोळा लागत नाही आणि सकाळी लवकर उठवत नाही. यात शरीराचा भाग मोठा आहे, म्हणून सगळं खापर आळसावर फोडणं बरोबर नाही. सख्ख्या आईबापांच्या घरातही या वयाची मुलं दहा वेळा सांगितल्याशिवाय हलत नाहीत.

जोडलेल्या घरात याच्यावर आणखी एक थर चढतो. मुलाला वाटतं की नव्या माणसाचं ऐकलं म्हणजे गेलेल्या बाबांशी किंवा दुसऱ्या शहरात राहणाऱ्या आईशी बेइमानी झाली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ ई. मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे तीन दशकं जवळपास १,४०० कुटुंबांचा अभ्यास केला. घटस्फोट आणि पुनर्विवाहानंतर घर कसं बसतं, हा त्यांचा विषय होता. २००२ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. मुलं किशोरवयाच्या उंबरठ्यावर असताना झालेला पुनर्विवाह रुळायला सगळ्यात अवघड जातो, असं त्यांना दिसलं. नव्या घराची घडी बसायला काही वर्षं लागतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होईल, ही अपेक्षाच चूक आहे.

आपल्याकडे यात शेजारपाजारचा आवाजही मिसळतो. सावत्र आईने मुलीला केर काढायला सांगितलं की नात्यातली एखादी बाई हमखास म्हणते, “बघा, राबवून घेते पोरीला.” हा ठपका टाळण्यासाठी अनेक समजूतदार बायका सावत्र मुलांना कामच सांगत नाहीत. त्यांना हे प्रेम वाटतं. मुलाला मात्र त्यातून कळतं की आपण या घरात पाहुणे आहोत. ज्याच्या वाट्याला घरातलं काहीच येत नाही, त्याला ते घर आपलं वाटायला फार वेळ लागतो.

महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासातही पुनर्विवाहाच्या घरातलं मूल मागेच राहिलं. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्ये मिळाली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्व्यांशी, पुनर्विवाह केला. या विवाहावर वादळ उठलं, त्यांच्या गावाने बहिष्कार टाकला, आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्या वेळी राधाबाईंचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे ते हेच. पुनर्विवाहाची चर्चा करताना आपण वराचं धैर्य आणि वधूचं भवितव्य पाहिलं. आधीच्या संसारातून आलेल्या मुलाच्या मनात काय चाललं असेल, हा प्रश्न आजही आपण उशिराच विचारतो.

सांगायचं कोणी

अमेरिकन मानसतज्ज्ञ पॅट्रिशिया पेपरनाउ गेली अनेक दशकं अशा कुटुंबांबरोबर काम करत आहेत. त्यांच्या सल्ल्याचा गाभा असा: सुरुवातीच्या काळात शिस्त लावण्याचं काम ज्याचं मूल त्याच्याकडेच असावं. नव्या जोडीदाराने आधी नातं जोडावं, धाक नंतर. सावत्र वडील घाईने कडक झाले की मूल आणखी दूर जातं, आणि एकदा गेलेला विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.

आपल्या घरांत हे सहज जमण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे मावशी, आत्या, काका, मामा ही माणसं मुलांना वाढवत आलेली आहेत. मावशी भाचीला हक्काने कामाला लावते, पण मोठा निर्णय तिच्या आईवर सोडते. नव्या आईने किंवा वडिलांनी पहिली दोन-तीन वर्षं हीच जागा घ्यावी. आई घरात नसेल तर काकांनी “मी सांगतोय म्हणून कर” असं म्हणू नये. “आईने ठरवलंय ना, साडेआठला ओटा आवरायचा, चल” एवढंच म्हणावं. नियम आईचा, काकांकडे फक्त आठवण. मुलीचा अहंकार दुखावत नाही आणि काकाही खलनायक ठरत नाहीत.

यासाठी नवरा-बायकोचं आधी एकमत हवं. तिची मुलगी रोज भांडी घासते आणि त्याचा मुलगा ताट उचलूनही ठेवत नाही, असं चित्र राहिलं तर कुठलीच युक्ती चालणार नाही. हे बोलणं मुलांसमोर होऊ नये. दोघांनी रात्री स्वतंत्र बसून ठरवावं आणि मुलांपुढे एकच निर्णय आणावा.

घड्याळाचा हुकूम

माणसाच्या हुकमाला किशोर विरोध करतात, घड्याळाच्या हुकमाला फार कमी. ठरलेल्या वेळेने काम करून घेणं इंदूरने स्वच्छतेत मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर ७३ शहरांत २५वं होतं. २०१७ मध्ये ४३४ शहरांत ते पहिलं आलं. लोक एका वर्षात बदलले नाहीत, व्यवस्था बदलली. कचऱ्याची गाडी रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक दारापर्यंत येऊ लागली. रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवल्या, त्यामुळे कचरा टाकायला दुसरी जागाच उरली नाही. कचरा वेगळा करण्याचा नियम बंगल्याला आणि चाळीला एकच. आज इथे ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घातक आणि सॅनिटरी असा सहा प्रकारांत कचरा वेगळा द्यायचा असतो.

घरासाठी यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: वेळ ठरलेली हवी, नियम सगळ्यांना एकच हवा, पळवाट नको. आणि कचऱ्याचं काम किशोरासाठी उत्तमच आहे. रात्री डबे वेगळे करून ठेवायचे, सकाळी गाडी आली की द्यायचे. गाडी चुकली तर ओला कचरा दुसऱ्या दिवसापर्यंत घरात राहतो आणि वास सगळ्यांना येतो. ओरडायला कोणाची गरज पडत नाही. सकाळी उठणं ज्याला जड जातं त्याने रात्रीचा भाग घ्यावा, सकाळी लवकर उठणाऱ्याने गाडीचा.

दुसरं तसंच काम पाण्याचं. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, उपसून आणलं जातं. पहिल्या टप्प्याचं पाणी १९७८ मध्ये शहरात आलं. बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतो. नळाची वेळ लक्षात ठेवणं, टाकी भरणं, मोटर वेळेवर बंद करणं, प्यायचं पाणी गाळून पिंप भरून ठेवणं, हे सगळं मिळून एक पूर्ण काम आहे. ते ज्याच्याकडे आहे त्याच्यावर घर त्या दिवशी अवलंबून असतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हे अवलंबून असणं हवंच असतं. आपण त्याला बहुधा “जरा इकडे ये, तेवढं धर, एवढं उचल” अशी तुकड्यांची कामं देतो. त्यात ना जबाबदारी ना श्रेय, फक्त व्यत्यय. काम द्यायचं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्यावं. कपडे धुण्याचं काम दिलं, तर मशीन लावणं, गच्चीवर वाळत घालणं, आणणं आणि घड्या घालून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं, सगळं त्यात आलं. दुसऱ्याच्या शर्टाची घडी घालताना नवं नातं हाताखालून जातं. तोंडाने ‘भाऊ’ म्हणायला वर्ष लागेल, कपडे वेगळे करायला पहिल्या आठवड्यापासून जमेल.

सोबत केलेलं काम

मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया समाजात वर्षानुवर्षं अभ्यास केला. मूळनिवासी समाजांतली मुलं घरकामात आपणहून हात घालतात, असं त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. तिथे लहानपणापासून मुलांना मोठ्यांच्या कामात शेजारी बसू देतात. काम बिघडेल म्हणून हाकलत नाहीत.

आपल्याकडची वाळवणं आणि दिवाळीचा फराळ याच जातीचे. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना कोणी चीक ढवळतं, कोणी सोऱ्या दाबतं, कोणी कावळे हाकतं. करंज्यांच्या वेळी एकजण पाऱ्या लाटतो, दुसरा सारण भरतो, तिसरा कातण फिरवतो. हात गुंतलेले, नजर परातीत, त्यामुळे समोरासमोर बसून कधी निघालं नसतं असं बोलणं निघतं. नव्या आईने मुलीला “ये, आपण बोलू” म्हटलं तर ती आखडते. “पाऱ्या जाड होतायत का बघ ग” म्हटलं तर ती बसते, आणि तासाभरात शाळेतलं, मैत्रिणीचं, कधी आपल्या आईचंही काही सांगून जाते. रोजच्या कामातही थोडा भाग असा सोबतीचा ठेवावा. रविवारी सकाळचे पोहे सगळ्यांनी मिळून करावेत. एकाने कांदा चिरावा, एकाने पोहे भिजवावेत, एकाने शेव आणि जिरावण मसाला काढून ठेवावा.

वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र काम करून एक कुटुंब होऊ शकतात, याचा सगळ्यात मोठा मराठी पुरावा साताऱ्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. ज्या काळात एका जातीच्या हातचं पाणी दुसरीला चालत नव्हतं, त्या काळात तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून सफाईपर्यंतची कामं आपल्या हाताने करत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या मुलांचं रक्ताचं नातं नव्हतं, बहुतेकांची गावंही वेगळी होती. तरी एकत्र राबून ती एका घरची झाली.

मुलगा, मुलगी आणि पाहुणा

कामाची वाटणी वयाप्रमाणे आणि अभ्यासाच्या ताणाप्रमाणे व्हावी. मुलगा की मुलगी, हिचा की त्याचा, यावर ती होऊ नये. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही तफावत किशोरवयातच रुजते. जोडलेल्या घरात तिचा डंख दुप्पट लागतो. सावत्र भाऊ सोफ्यावर आणि आपण ओट्याशी, हे पाहणाऱ्या मुलीला एकाच वेळी दोन अन्याय दिसतात, मुलगी असल्याचा आणि परकी असल्याचा.

वाटणी ठरवायला महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसावं. घरातली सगळी कामं एका कागदावर लिहावीत, मोठ्यांचीही. गॅसचं बिल, आजीची औषधं, गाडीची सर्व्हिसिंग, किराणा, सगळं. हा कागद पाहून बऱ्याच मुलांना प्रथमच कळतं की आई-वडील दिवसभर काय काय ओढतात. मग प्रत्येकाने निवडावं आणि महिन्याने अदलाबदल करावी. निवड स्वतःची असली की तक्रार कमी होते.

काही मुलं दोन घरांत राहतात. आठवडा इथे, सुट्टी दुसऱ्या पालकाकडे. अशा मुलाला “दोनच दिवस आलाय, राहू दे” म्हणून सूट दिली की तो कायमचा पाहुणा होतो आणि घरातली मुलं त्याच्यावर चिडतात. त्याच्या मुक्कामाला बसेल असं एक काम त्याच्या नावावर असावं. शनिवारी रात्रीची खिचडी त्याची, किंवा रविवारी बाल्कनीतली झाडं त्याची. तो नसताना ते काम दुसऱ्याने तात्पुरतं करावं, पण कागदावरचं नाव पुसू नये.

पैसे द्यावेत का

रोजच्या कामाला पैसे लावू नयेत. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना चित्रं काढायला दिली होती. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं, त्यांचा चित्रं काढण्यातला रस नंतर कमी झाला. बक्षिसाचं आमिष नसलेल्या मुलांचा रस टिकून राहिला. आपण राहतो त्या घराचं काम हे कर्तव्य आहे. ताट उचलायचे दहा रुपये दिले तर उद्या मूल म्हणेल, मला दहा रुपये नकोत, ताट तुम्हीच उचला. जोडलेल्या घरात हिशेब आधीच फार असतात, त्यात आणखी एका हिशेबाची भर नको. दिवाळीआधी माळा साफ करणं, जुनी कपाटं घासून रंगवणं अशा नेहमीपेक्षा वेगळ्या, अंगमेहनतीच्या कामाचा मोबदला द्यायला हरकत नाही. खिशातला खर्च मात्र सख्ख्या-सावत्र सगळ्या मुलांना वयाप्रमाणे सारखा मिळावा.

काम झालं की त्याची दखल घ्यावी, पण तोंडभरून कौतुक नको. या वयाच्या मुलांना खोटी स्तुती लगेच कळते. “आज टाकी वेळेवर भरलीस, म्हणून पाहुणे आले तरी अडलं नाही” एवढं पुरतं. काम मनासारखं झालं नाही तरी मुलासमोर ते पुन्हा करू नये. ओल्या भांड्यावर फडकं फिरवून ठेवण्याआधी स्वतःला थांबवावं.

मर्यादा कुठे

शिस्त आणि छळ यांच्यातली रेषा स्पष्ट असली पाहिजे. एकाच मुलावर कामाचा बोजा, कामापायी शाळा बुडणं, काम झालं नाही म्हणून जेवण तोडणं, मारहाण, ही घरकामाची शिकवण नव्हे. असं कुठे दिसलं तर शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी कुजबुज करून थांबू नये. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, तिथे फोन करावा. आणि जिथे सगळी मुलं बरोबरीने काम करतात, तिथे सावत्र आईने झाडू हातात दिला म्हणून बोट दाखवणंही थांबवावं. त्या बोटामुळे कितीतरी घरं जुळता जुळता अडतात.

अशा घरातल्या आई-वडिलांना एवढंच सांगावंसं वाटतं: घाई करू नका, पण सुरुवात लांबवूही नका. या आठवड्यात सगळ्यांनी बसून कामांचा कागद करा. प्रत्येक मुलाला एक पूर्ण काम द्या, त्याची वेळ ठरवा, सांगायचं काम ज्याचं मूल त्याच्याकडे ठेवा. पहिले काही महिने भांडी तेलकट राहतील, टाकी एखाद्या वेळी वाहील. तेवढं सोसा. ज्या घरात आपल्यावाचून अडतं, ते घर मूल कालांतराने आपलं म्हणतं.